टाळ्या राखून ठेवल्या आहेत

संपादकांनी यंदा 'काहीतरी हलकंफुलकं' मागितलं होतं. जमेल असं वाटत नाही. त्यापेक्षा गेली दोन वर्षं माझ्यावर जो एक आरोप होतो आहे, त्याचा जबाब इथे देऊन टाकतो. आरोप करणारे सगळे आपल्या मंडळाचेच सभासद आहेत, त्यामुळे तो वाचणं त्यांना भाग आहे.

अल मुंतझातल्या माझ्या फ्लॅटवर जुलै महिन्यात एक मैफल जमते. बायका-मुलं सुट्टीला भारतात गेलेली असतात, बाहेर उन्हाचा तडाखा असतो, आणि मागे राहिलेले आम्ही चार-पाच तात्पुरते ब्रह्मचारी संध्याकाळी कुकरची खिचडी, पापड आणि टीव्हीवर 'तूर द फ्रान्स' एवढ्यावर दिवस काढतो. सायकली बघायला लावल्याबद्दल पहिली दोन वर्षं मी शिव्या खाल्ल्या. आता हेच लोक मला विचारतात, "आज घाट आहे का हो?"

१४ जुलै २०२४, रविवार. इथे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, सगळे ऑफिसातून थेट आलेले. त्या दिवशी घाट होता. पिरेनीज पर्वतातला प्लातो द बेई, सुमारे सोळा किलोमीटरचा, चढ जवळजवळ आठ टक्के. हा घाट सर्वांत कमी वेळात चढण्याचा विक्रम १९९८ पासून इटलीच्या मार्को पांतानीच्या नावावर होता. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने त्या संध्याकाळी तो साडेतीन मिनिटांहून अधिक फरकाने मोडला. दुसरा आलेला विंगेगार्ड त्याच्यामागे मिनिटभराने आला, म्हणजे पांतानीचा विक्रम त्यानेही मोडलाच. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. मी एकटा हाताची घडी घालून बसलो होतो.

"काय हो, पोटात दुखतंय का?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "त्यांना कुणाचं काही चांगलं बघवत नाही. शंकासुर आहेत ते." तेव्हापासून माझं नाव शंकासुर. कोकणातल्या शिमग्यात शंकासुर निदान नाचतो तरी, मी तेवढंही करत नाही, हा त्यावरचा पुढचा विनोद.

तर मंडळी, हा शंकासुर सायकलद्वेष्टा नाही. सांगलीहून इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेलो त्या वर्षी मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून खंडाळ्याला मुंबई–पुणे सायकल शर्यत बघायला गेलो होतो. बोरघाट सर्वांत आधी चढून येणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो. वर रस्त्याकडेला उभं राहून खालून येणारा पहिला ठिपका बघणं, त्याचा माणूस होताना बघणं, मग त्याचा श्वास ऐकू येणं, ही गोष्ट एकदा पाहिली की माणूस कामातून जातो. मी गेलो.

२००३ मध्ये नोकरीसाठी दोह्याला आलो तेव्हा वाटलं, संपलं, इथे कुठला घाट! पण नशीब बघा. आदल्याच वर्षी 'टूर ऑफ कतार' सुरू झालेली. युरोपातले नामांकित संघ हिवाळ्यात इथे यायचे. डोंगर नाही, पण वारा होता, आणि तोच इथला घाट. आडवा वारा सुटला की सायकलस्वार रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग धरतात. प्रत्येक जण पुढच्याच्या आडोशाला. रस्त्याच्या कडेपर्यंत रांग भरली की पुढच्या माणसाला आडोसा नाही, आणि आडोसा नाही तो दहा मिनिटांत मागे पडला म्हणून समजा. बेल्जियमचा टॉम बूनेन या वाऱ्यात असा पोहायचा की त्याने ही शर्यत चार वेळा जिंकली. शेवटचा टप्पा कॉर्निशवर संपायचा. आमच्यासारखे पाच-पंचवीस वेडे सोडले तर बघायला चिटपाखरू नसायचं, त्यामुळे जगातले सर्वोत्तम सायकलपटू आम्ही हाताच्या अंतरावरून पाहिले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तर जागतिक अजिंक्यपद स्पर्धाच इथे झाली. अस्पायरहून निघून वाळवंटातून फिरून पर्लवर संपलेली २५७ किलोमीटरची शर्यत पीटर सागानने जिंकली, कॅव्हेंडिश दुसरा, आपला बूनेन तिसरा. त्यानंतर प्रायोजक मिळेनात म्हणून २०१७ ची 'टूर ऑफ कतार' रद्द झाली ती झालीच.

हे सगळं मी प्रेमाने पाहिलं, आणि डोळे मिटून पाहिलं, हेही सांगायला हवं. ही शर्यत इथे आणण्यात मोठा वाटा एडी मर्क्स यांचा. पाच वेळा 'तूर' जिंकलेला, बहुतेकांच्या मते सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ सायकलपटू. हेच मर्क्स १९६९ च्या इटलीच्या शर्यतीत आघाडीवर असताना साव्होना गावी उत्तेजक चाचणीत दोषी ठरून बाहेर काढले गेले होते. आपल्यावर अन्याय झाला, असंच ते कायम सांगत आले. बूनेनच्या चाचणीत २००८ मध्ये कोकेन सापडलं. शर्यतीच्या दिवसांबाहेरचा नमुना असल्यामुळे नियमाने बंदी आली नाही, पण त्या वर्षी 'तूर'वाल्यांनी त्याला दारात उभं केलं नाही. पुढच्या हिवाळ्यात तो कतारमध्ये जिंकला आणि आम्ही कॉर्निशवर गळे फाटेस्तोवर ओरडलो. मला हे सगळं तेव्हाही माहीत होतं.

मग शंका सुरू कधी झाली? त्याला आमचे दाजी कारण आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साखर कारखान्यात फिटर. २००६ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांना लिम्फोमा निघाला. मिरजेच्या एका हॉस्पिटलात सहा केमो ठरल्या. मी सुट्टी काढून गेलो तेव्हा बरोबर दोन वस्तू नेल्या: लान्स आर्मस्ट्राँगचं आत्मचरित्र आणि त्या काळी सगळ्यांच्या मनगटावर दिसणारा तो पिवळा रबरी पट्टा. कर्करोग फुप्फुसात आणि मेंदूत पसरलेला असताना त्यातून उठून आलेला आणि १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं 'तूर' जिंकलेला माणूस. याहून चांगलं औषध कोणतं? पुस्तक इंग्रजी, दाजींचं इंग्रजी नटबोल्टांच्या मापांपुरतं. भाची रोज संध्याकाळी दोन पानं वाचून मराठीत सांगायची. ज्ञानेश्वरीचं पारायण व्हावं तसं आर्मस्ट्राँगचं पारायण झालं.

तिसऱ्या केमोनंतर दाजींचं हिमोग्लोबिन घसरलं. जिना चढवेना. डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं, एरिथ्रोपोएटिन. ते थंडच ठेवावं लागतं, म्हणून मिरजेच्या मेडिकल दुकानातून बर्फ घातलेल्या थर्मासमधून मी ते सांगलीला आणायचो. खोका वाचला तेव्हा माझ्या लक्षात आलं, हेच ते ईपीओ.

हे काय आहे, ते दोन ओळींत सांगतो. आपल्या मूत्रपिंडात एक संप्रेरक तयार होतं. ते हाडांतल्या मगजाला सांगतं, तांबड्या पेशी बनवा. तांबड्या पेशी वाढल्या की रक्त प्राणवायू जास्त वाहून नेतं. डायलिसिसच्या किंवा केमोच्या रुग्णाला बाहेरून हे संप्रेरक दिलं तर तो पुन्हा जिना चढू लागतो. आणि धडधाकट सायकलपटूला दिलं तर तो घाट असा चढतो की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. १९९० च्या दशकात ते ओळखणारी चाचणीच नव्हती. म्हणून १९९७ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने एक मर्यादा घातली: रक्तातलं पेशींचं प्रमाण पन्नास टक्क्यांवर गेलं की घरी जा. त्याचा परिणाम काय झाला असेल, हे दोह्यात गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको. रडार कुठे आहे ते ठाऊक असलं की काय करतात? रडारपाशी शंभर, पुढे पुन्हा एकशे चाळीस. संघांचे डॉक्टर यंत्र घेऊन बसायचे आणि खेळाडूचं रक्त पन्नासला टेकेल एवढं भरायचे. पांतानी जून १९९९ मध्ये बावन्न टक्क्यांवर सापडला. त्याच्या १९९८ च्या नमुन्यात ईपीओ होतं, हे फ्रान्सच्या सिनेटच्या अहवालातून २०१३ मध्ये बाहेर आलं. तो बघायला पांतानी नव्हता. फेब्रुवारी २००४ मध्येच, चौतिसाव्या वर्षी, हॉटेलच्या एका खोलीत कोकेनने त्याचा जीव गेला होता. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत ज्याचा विक्रम मोडल्याच्या टाळ्या वाजल्या, तो हा विक्रम.

दाजी बरे झाले. पट्टा कित्येक वर्षं हातात होता.

ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने हजार पानांहून मोठं पुराव्यांचं बाड बाहेर काढलं. सव्वीस जणांची साक्ष, त्यात आर्मस्ट्राँगचे अकरा जुने सहकारी. ईपीओ, टेस्टोस्टेरॉन, स्वतःचंच रक्त काढून ठेवून पुन्हा चढवणं. त्याच्या संघातला टायलर हॅमिल्टन आपल्या पुस्तकात लिहितो की १९९९ च्या 'तूर'मध्ये आर्मस्ट्राँगचा माळी थर्मासमध्ये ईपीओ घालून मोटारसायकलवरून शर्यतीच्या मागे मागे फिरायचा. ते वाचलं आणि मला मिरज–सांगली रस्ता आठवला. माझाही थर्मासच होता.

आता तुमच्या आवडत्या मुद्द्याकडे येतो: "पण चाचणीत कधी सापडला नाही ना?"

आर्मस्ट्राँगचं हेच पालुपद होतं, माझ्या शेकडो चाचण्या झाल्या, एकदाही सापडलो नाही. (१९९९ मध्ये कॉर्टिझोन सापडलं होतं, मागची तारीख घातलेल्या प्रिस्क्रिप्शनवर ते निभावलं.) गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली सायकलिंगची मोठी प्रकरणं आठवून बघा. १९९८ मध्ये फेस्टिना संघाचं भांडं फुटलं ते फ्रान्सच्या सीमेवर. कस्टम्सवाल्यांनी संघाच्या विली व्होएटची गाडी उघडली म्हणून. २००६ मध्ये स्पेनमध्ये रक्ताच्या पिशव्यांचा साठा सापडला, तो पोलिसांच्या धाडीत. २००७ मध्ये मायकेल रासमुसेन पिवळी जर्सी घालून आघाडीवर असताना त्याच्याच संघाने त्याला घरी पाठवलं, कारण सरावासाठी मेक्सिकोत असल्याचं सांगितलेल्या दिवसांत तो इटलीत सायकल चालवताना एका टीव्ही समालोचकाला दिसला होता. २०१९ मध्ये ऑस्ट्रियात पुन्हा पोलीस. आर्मस्ट्राँग सहकाऱ्यांच्या साक्षीने. कस्टम्स, पोलीस, समालोचक, मित्र. यात प्रयोगशाळेने पकडलेला कुठे आहे? चाचण्या निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाही. २००८ पासून खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारा 'जैविक पासपोर्ट' आला, त्याने बराच वचक बसला. पण चाचणीत न सापडणं म्हणजे रडारने फोटो न काढणं. तेवढ्यावरून कुणी मला 'शिस्तबद्ध चालक' म्हणून हार घालू नये.

दुसरा मुद्दा मला जास्त झोंबतो, कारण त्यात मी स्वतः आहे. आपली शंका सीमेवर येऊन थांबते. परक्याचं औषध ते ड्रग, आपल्याचं औषध तो खोकला.

ऑगस्ट २०१६ आठवा. रशियाच्या खेळाडूंना रिओ ऑलिंपिकमधून घालवल्याबद्दल आपण सगळे खूष होतो. त्याच दिवसांत नरसिंग यादव मेथँडिएनोन या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडला. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, मुंबईत वाढलेला, पोलीस अधिकारी. आपल्या सगळ्यांचं एकमत झालं: कुणीतरी खाण्यापिण्यात कालवलं. आपल्याकडच्या 'नाडा'नेही १ ऑगस्टला तसंच मानून त्याला सोडलं. पण क्रीडा लवादाने १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी घातली; कटाचा पुरावा त्यांना पटला नाही. खरं काय, ते मला माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच की २०१० मध्ये आल्बेर्तो कोंतादोरने "माझ्या मांसातून क्लेनब्युटेरॉल पोटात गेलं" असं सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो, आणि नरसिंगच्या वेळी मी मान डोलावत होतो.

२०१७ मध्ये ख्रिस फ्रूमच्या नमुन्यात दम्याचं औषध मर्यादेच्या दुप्पट निघालं. आमच्या खोलीत काय काय बोललं गेलं ते इथे छापता येणार नाही. पुढच्या जुलैत प्रकरण मिटवलं गेलं आणि त्यावर निर्बंध आले नाहीत. २०१९ मध्ये आपल्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटॅलिन सापडलं, तेही श्वासनलिका मोकळी करणारंच. क्रिकेट मंडळाने खोकल्याच्या औषधाचा खुलासा मान्य करून आठ महिन्यांची बंदी घातली आणि ती मागच्या तारखेपासून धरली. तेव्हा आम्ही काय म्हणालो? "लेकराला साधा खोकला झाला होता हो!"

आणि मग खलिफा स्टेडियम. एप्रिल २०१९ मध्ये इथे आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण ढोल आणि तिरंगे घेऊन गेले होते. बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं. नाशिकची संजीवनी जाधव दहा हजार मीटरमध्ये तिसरी आली. तिची शेवटची फेरी मी उभा राहून पाहिली. शेजारच्या खुर्च्यांवर जपानी मंडळी होती, त्यांना मी "आमची नाशिकची, आमची नाशिकची" असं मराठीत सांगत होतो आणि तीही हसून मान डोलावत होती. गोमती मारिमुथूने आठशे मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं तेव्हा घसा आधीच गेलेला होता.

पुढे दोन्ही पदकं गेली. गोमतीच्या नमुन्यात नँड्रोलोनचा अंश सापडला, चार वर्षं बंदी. संजीवनीच्या जून २०१८ मधल्या गुवाहाटीच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडलं. खरं तर गाउटचं औषध, पण दुसऱ्या द्रव्याचा माग पुसतं म्हणून बंदी घातलेल्या यादीत. दोन वर्षांची बंदी जून २०१८ पासून धरली गेली आणि दोह्यातलं कांस्य त्यात बुडालं. बंदी भोगून ती पुन्हा धावू लागली, त्याबद्दल तिला मानलं पाहिजे. पण मंडळाच्या एकाही कार्यक्रमात, एकाही व्हॉट्सॲप ग्रुपवर या गोष्टीवर एक अक्षर निघालं नाही. पदकाचे फोटो मात्र माझ्या फोनवर अजून आहेत, वीसेक जणांनी पाठवलेले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांत, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचं सर्वाधिक प्रमाण भारताचं होतं: ५६०६ नमुने, ३.८ टक्के. सायकलवाल्यांना नावं ठेवताना एवढं लक्षात असू द्यावं. मी धरून.

तिसरा मुद्दा हुशार माणसं मांडतात. "सगळेच घेतात ना? मग उघडपणे परवानगी देऊन टाका. सगळे सारखे झाले की प्रश्न मिटला." हे म्हणणाऱ्याला मी एकच नाव सांगतो, क्रिस्तोफ बासों. फ्रान्सचा सायकलपटू, फेस्टिना संघातला. सगळा संघ घेत असताना हा घेत नव्हता, हे त्याच्या सहकाऱ्यांनीच पोलिसांना सांगितलं. १९९९ च्या 'तूर'मध्ये तो एका वर्तमानपत्रात सदर लिहीत होता, आणि त्यात लिहीत होता की हा वेग नैसर्गिक वाटत नाही. पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग चालू शर्यतीत त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, तू इथून निघून जा. कुणी त्याच्याशी बोलेना, त्याचा संघसुद्धा. तो शर्यत सोडून गेला. दोन वर्षांत व्यवसायही सोडला. 'सगळे सारखे' होतात तेव्हा जो घेत नाही त्याचं काय होतं, ते असं. त्याने ज्याविषयी शंका घेतली ती शंभर टक्के खरी निघाली, तेरा वर्षांनी. त्या तेरा वर्षांत आम्ही पिवळे पट्टे विकत घेत होतो. २००५ मध्ये पॅरिसच्या व्यासपीठावरून आर्मस्ट्राँगने शंकेखोरांची कीव केली, तुम्हाला चमत्कारांवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून. मी तेव्हा सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. महिनाभरात एका फ्रेंच दैनिकाने त्याच्या १९९९ च्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत ईपीओ निघाल्याचं छापलं. "फ्रेंचांचा जळफळाट," असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

तेव्हा पोगाचारविषयी मी काय म्हणतो? स्पष्ट सांगतो, तो काही घेतो असं मी म्हणत नाही. त्याच्याविरुद्ध एकही पुरावा नाही, एकही चाचणी नाही. वेग वाढण्याची कारणंही खरी आहेत: हलक्या आणि वारा कापणाऱ्या सायकली, चांगले टायर, आणि तासाला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर पचवायला शिकलेली पोटं. पांतानीच्या काळात हे नव्हतं. पण पांतानीच्या रक्तात जे होतं, ते आज कुणाच्या रक्तात नाही असं गृहीत धरायचं, आणि तरी साडेतीन मिनिटं कमी लागली, हे केवळ टायर आणि साखरेवर सोडून द्यायचं, एवढी माझी छाती आता होत नाही. त्याच्या संघाचे प्रमुख मॉरो जियानेट्टी २००८ मध्ये ज्या संघाचे व्यवस्थापक होते, तो संघ त्याच वर्षी रिक्कार्दो रिको ईपीओच्या प्रकारात सापडल्यावर 'तूर' सोडून गेला होता, हेही मी विसरावं असं मला का सांगितलं जातं? कार्बन मोनॉक्साइड हुंगून रक्त मोजण्याची पद्धत काही संघ वापरत होते. गैरवापर होईल म्हणून जागतिक संघटनेने फेब्रुवारी २०२५ पासून ती खेळाडूंना वापरण्यास मनाई केली. मनाई होईपर्यंत ते नियमातच होतं. असले नियम रोज बदलत असताना प्रेक्षकाने तेवढा भाबडा राहावं, ही अपेक्षा कुणाच्या सोयीची आहे?

भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघणारे आपण. पापलेटाचे गलफडे उघडल्याशिवाय मासळी न घेणारे आपण. फ्लॅट भाड्याने घेताना गीझर चालू करून बघणारे आपण. तेवढी तपासणी मी घाट चढणाऱ्याची करतो, तर मी कुजका? जानेवारी २०२६ मध्ये पुण्याजवळच्या घाटरस्त्यांवरून आंतरराष्ट्रीय दर्जाची 'पुणे ग्रँड टूर' झाली. माझ्या फोनवर फोटोंचा पाऊस पडला, शाळेची पोरं झेंडे घेऊन रस्त्याकडेला उभी. मला अतोनात आनंद झाला. पण नमुने किती घेतले, कुठे तपासले, असं मी ग्रुपवर विचारलं, तर उत्तरादाखल हात जोडलेले चार इमोजी आले.

राहता राहिले दाजी. २०१२ च्या त्या बातमीनंतर मी त्यांना भीतभीतच फोन केला होता. म्हटलं, "दाजी, तो आर्मस्ट्राँग खोटा निघाला. तुम्हाला मी भलतंच पुस्तक दिलं."

"कळलं की," दाजी म्हणाले. "पोरीनं सांगितलं. मला दिलं ते विंजेक्शन त्यो बी घ्यायचा म्हनं."

"हो."

"मला दिऊन मी कारखान्याच्या जिन्यापतुर पोचलो. त्यो पार पॅरिसला." आणि खो खो हसले. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "सायकल खोटी असंल. कॅन्सर तर खरा हुता न्हवं त्याचा? सव्वी केमो मी घेतली ती त्याच्याकडं बघून घेतली. पाचवीलाच मी म्हनलेलो, बास आता. ती सव्वी खोटी धरायची का?"

मला याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही, आजही येत नाही. माझ्या शंकेच्या सगळ्या हिशेबात ही एक रक्कम बसत नाही, आणि ती खोडताही येत नाही.

गेल्या हिवाळ्यात दाजी आणि ताई दोह्याला येऊन गेले. संध्याकाळी आम्ही पूर्वीच्या अल मुंतझा पार्कमध्ये, म्हणजे आताच्या रौदत अल खैल पार्कमध्ये, फिरायला जायचो. पोरं सायकली दामटत असायची. बाकावर बसून मी त्यांना फोनवर प्लातो द बेईची ती चढाई दाखवली. शेवटपर्यंत डोळे बारीक करून पाहिली त्यांनी.

"ह्यो गडी खरा हाय का रं?"

"माहीत नाही, दाजी. रक्त तपासलंय, काही निघालं नाही. पण काही नमुने दहा वर्षांपर्यंत ठेवून देतात. नवी चाचणी आली की पुन्हा काढून बघता येतात."

"म्हंजी चोवीसचं चौतीसपतुर." त्यांनी बोटांवर मोजलं. "मी एक्क्याऐंशीचा." मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "थांबू की मग. लाव पुन्यांदा, घाट झकास हाय."